काढा नाही, घ्या म्हणा

देवाभाऊ ताकसांडेंना एकदा 'आमचा फोटो काढा' असं म्हणून बघा. ते कॅमेऱ्यावर झाकण लावतात, चष्म्याच्या वरून तुमच्याकडे पाहतात आणि म्हणतात, "काढा नाही. घ्या म्हणा."

मग समोर नवरदेव असो, आमदार असो, की उभं राहून राहून पाय भरून आलेली नवरी असो. 'घ्या' ऐकल्याशिवाय झाकण उघडत नाही. एका लग्नात मी स्वतः पाहिलंय. नवरदेवाचा मामा तावातावानं ओरडला, "अहो, काढा ना लवकर, मुहूर्त चालला!" देवाभाऊ थंडपणे म्हणाले, "कोणाले काढू? तुमाले मांडवातून काढू का?" मामाचा फेटा रागानं थरथरायला लागला. शेवटी नवरीनंच हात जोडले, "घ्या हो भाऊ, घ्या." तेव्हा कुठं ते झाकण निघालं. निघालं हं. काढलं नाही.

हे गृहस्थ पांढरकवड्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. मी इथल्या ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात, पण ते लोक देवाभाऊंच्या शेजारी राहिलेले नाहीत. त्यांच्या दुकानावर पूर्वी पाटी होती, 'येथे लग्नाची शूटिंग काढून मिळेल'. मधल्या 'काढून'वर त्यांनी पांढरा रंग फासला आणि स्वतःच्या हातानं 'घेऊन' लिहिलं. आता पाटी सांगते, 'येथे लग्नाची शूटिंग घेऊन मिळेल'. म्हणजे नक्की काय मिळेल, हे अख्ख्या केळापूर तालुक्यात कुणाला कळलेलं नाही.

घरातही तेच. इंदूवहिनींना केर काढायची सोय नाही, झाडझूड करावी लागते. गाडी काढायची नाही, बाहेर घ्यायची. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "शर्ट काढा", तर हे म्हणाले, "उतरवतो." पुढं दाढ किडली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "काढावी लागेल." देवाभाऊ खुर्चीवरून उठले ते सुजलेलं तोंड घेऊन थेट घरी. ती दाढ अजून जागेवर आहे आणि थंडीत सगळ्या गल्लीला जागं ठेवते. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "काय सांगू मॅडम, हा माणूस मले दुपारची झोपबी काढू देत नाई. म्हन्ते, झोप घे."

दुसरी खोड उजेडाची. कुणी खिडकीकडे पाठ करून बसलं की यांना चैन पडत नाही. "उजेड मागं घेऊ नका, तोंड काळं येते." हातात कॅमेरा नसतानाही! आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या तीन बायकांना त्यांनी उठवून दुसऱ्या भिंतीशी बसवलं होतं. बायका रडता रडता उठल्या आणि रडत रडत जागा बदलून बसल्या. मला तेव्हा हसूही येईना आणि रागही आवरेना.

तर अशा माणसासाठी कॉम्प्युटर निवडायची वेळ माझ्यावर आली.

झालं असं की मागच्या पावसाळ्यात माझ्या लग्नाची कॅसेट कपाटात सापडली. तीसेक वर्षांपूर्वीची, व्हीसीआरमध्ये लावायची ती जाडजूड काळी कॅसेट. देवाभाऊंनीच शूटिंग केलेलं. व्हीसीआरही गावात एकट्या त्यांच्याकडेच चालू होता, म्हणून बघायला गेले. माझं लग्न संपलं, मी रडत जीपमध्ये बसले, मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी उठणार, एवढ्यात मुंग्यांमधून भलतंच लग्न सुरू झालं. कुणीतरी घोड्यावर, कुणीतरी नाचतंय, आणि ना ओळख ना पाळख.

"हे काय हो?" मी भडकलेच. "जुन्या कॅसेटवर माझं लग्न घेतलं तुम्ही?"

"त्या टायमाले कॅसेटा पुसून वापरत होतो जी. सगळेच वापरत." एवढं बोलून ते पडद्याकडे बघत राहिले. मग खुर्चीवरून हळूच उठले आणि टीव्हीच्या इतके जवळ गेले की काचेला नाक लागलं. "म्हंजे पुसलं जात नाई," ते म्हणाले. "नवीन लग्न लहान असलं, तं जुन्याचं शेपूट तसंच राह्यते."

"राहणारच. जेवढ्यावर नवं रेकॉर्ड झालं तेवढंच जुनं जातं."

देवाभाऊंचा चेहरा असा उतरला की मी भांडण तिथंच थांबवलं. ते आतल्या खोलीत गेले आणि एक लोखंडी पेटी ओढत घेऊन आले. एका जुन्या हंगामातल्या शूटिंगच्या सगळ्या मूळ कॅसेटी त्यात होत्या. ओलीनं चिठ्ठ्या गळून पडलेल्या, फितीवर पांढरी बुरशी चढलेली. कोणतं लग्न कोणत्या कॅसेटीवर, काही पत्ता नाही. "यात एक बाई हाय मॅडम," ते म्हणाले. "कोणत्या तरी शेपटात असन. तिले बाहेर घ्याचं हाय." कोण बाई, ते त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आम्ही एक कॅसेट माझ्या लॅपटॉपला जोडून बघितली. माझा लॅपटॉप कॉलेजचे पेपर टाइप करायच्या लायकीचा. चित्र अडकत अडकत आलं, मध्येच तुटलं, मग सगळंच थांबलं. म्हटलं, पुन्हा लावा. पुन्हा लावली तर काहीच नाही. व्हीसीआर उघडला, आत काळी भुकटी पडलेली. बुरशीबरोबर फितीवरचा थरच खरवडून निघाला होता. देवाभाऊंनी ती भुकटी बोटावर घेतली आणि कितीतरी वेळ बोटाकडे बघत राहिले.

"एकदाच चालते," ते म्हणाले. "एकदा पाह्यलं का गेलं. ज्या टायमाले चालन, त्याच टायमाले धरली पाह्यजे."

बसस्टँडजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या सादिकभाईंनी व्हीसीआर तपासला. कानाशी लावून हलवला, आणि परत देत म्हणाले, "चल रहा है, चलने दो. बंद हुआ तो मेरे पास मत लाना. पार्ट अब दुनिया में नहीं है." म्हणजे कॅसेटी मरायला टेकलेल्या, व्हीसीआर मरायला टेकलेला, आणि मधल्या मधे आम्ही दोघं.

मी ठरवलं, यांना एन्कोडिंग म्हणजे काय ते आधी नीट समजावून सांगायचं. वर्गात मी हे फार छान सांगते. "हे बघा देवाभाऊ, कॅसेटमधलं चित्र जसंच्या तसं ठेवलं तर फाइल डोंगराएवढी होते. म्हणून कॉम्प्युटर एकेक चित्र तपासतो, आणि आपल्या डोळ्यांना जे जाणवत नाही ते काढून टाकतो."

शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. देवाभाऊ उभे राहिले.

"कोन ठरवते?"

"काय कोण ठरवतं?"

"का हे लागत नाई म्हून. कोन ठरवते? त्या डब्याले कसं मालूम, मले कोन पाह्यजे?"

"अहो, त्यात माणसं नाही जात! बारीकसारीक ठिपके जातात."

"ठिपक्याचंच माणूस राह्यते मॅडम टीव्हीत," म्हणाले आणि चालते झाले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही कशाला बोलतेय? चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "मॅडम, मंग कोनता डबा घ्याचा?"

म्हणून पैसे साठल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, आम्ही यवतमाळला गेलो. जाताना एसटीत मी त्यांना सगळं पढवलं. खिसा लहान आहे, तेव्हा दिखाऊ वस्तूंना हात लावायचा नाही. एन्कोडिंगचं खरं काम प्रोसेसर करतो, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तर तो दमदार घ्यायचा आणि बाकी ठिकाणी हात आखडायचा. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

दुकानदारानं पहिल्याच झटक्यात काचेचा कॅबिनेट पुढं केला. आत निळे, हिरवे, जांभळे दिवे फिरत होते. देवाभाऊ त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "हा काय वरातीत न्याचा हाय?" दुकानदार हसला आणि त्यानं ग्राफिक्स कार्ड टेबलावर ठेवलं. "सर, व्हिडिओचं काम म्हणता ना? मग हे घ्या. एन्कोडर आतच आहे, भुर्रकन काम होतं."

"भुर्रकन होतं, पण घाईघाईत होतं," मी म्हटलं. "तेवढ्याच आकाराच्या फाइलीत प्रोसेसरनं सावकाश केलेलं चित्र जास्त स्वच्छ राहतं. आणि आमच्या कॅसेटी बुरशीच्या. कार्ड नको, प्रोसेसर दाखवा. ज्याच्या पोटात साधं ग्राफिक्स आहे असा. जास्तीत जास्त कोअरचा."

दुकानदारानं दाखवला. मी खूश. तेवढ्यात देवाभाऊ म्हणाले, "याच्याहून उलीसा लहान दाखवा."

"काहून?" मी इतकी चिडले की माझ्या तोंडून वऱ्हाडीच निघाली.

"मले डिस्क मोठी पाह्यजे. पूरी कॅसेट जशीच्या तशी ठेवाची. त्या डब्यानं ठिपके फेकले का नाई फेकले, मले मंग फिकीर नाई. अन् यूपीएस मोठा."

"अहो, मग एन्कोडिंगला वेळ लागेल! तुम्हाला मुंग्यासुद्धा शेवटपर्यंत घ्यायच्यात. मुंग्या म्हणजे कॉम्प्युटरला सगळ्यात जड काम. साधं चित्र असलं की मागचंच पुढं ढकलून भागतं. मुंग्यांत प्रत्येक ठिपका दर वेळी नवा. लहान प्रोसेसर रडेल!"

"रडू द्या त्याले. कॅसेट चालून राह्यली अन् लाइट गेली, तं तुमचा मोठा प्रोसेसर काय करन?"

  आम्ही दुकानात उभं राहून भांडलो. दुकानदारानं आम्हाला मध्येच चहा पाजला, तरी आम्ही भांडलो. शेवटी तह झाला. प्रोसेसर एक पायरी खालचा. रॅम माझ्या म्हणण्याप्रमाणे सोळा जीबी. कॅसेट चालताना चित्र अडकू नये म्हणून लहान पण वेगवान एसएसडी, आणि साठवायला भलीमोठी हार्ड डिस्क. कॅबिनेट साधा, पत्र्याचा. त्याच्यासोबत फुकट मिळणारा बेनामी एसएमपीएस मी दुकानदाराच्या हातात परत ठेवला. आपल्याकडचा करंट कधी चढतो, कधी पडतो, सगळ्या पेटीला वीज तोच वाटतो, आणि तोच जळाला तर सगळं घेऊन जळतो. तिथं मी चांगल्याचाच हट्ट धरला. यूपीएस तर एवढा जड निघाला की तो उचलताना देवाभाऊंची दाढ ठणकली.

परतीच्या बसमध्ये कॅबिनेटचा खोका त्यांच्या मांडीवर होता. बाहेर ऊन रणरणत होतं. मला आता राहवेना. "देवाभाऊ, खरं सांगा. कोण आहे ती बाई?"

"पह्यले इकडं सरका. उजेड मागं घेतला तुमी."

मी मुकाट्यानं सरकले.

"मुकुटबनले देल्लेली पोरगी होती. कमल. बाप नोता, माय मजुरी करे. लग्न लागलं, मी शूटिंग केली. मंग कॅसेट कापून-जोडून नीट करत होतो, तं तिचा भाऊ आला दुकानात. म्हन्ला, ताईनं सांगतलं का कॅसेटमधून मायले काढून ठेवजा." समोरून ट्रक गेला, त्यांनी मांडीवरचा खोका सावरला. "त्या टायमाले नवरदेवाकडचे लोकं सांगतच होते मॅडम. विधवा बाई कॅसेटमंधी नको, अपशकुन होते. मले वाटलं, तसंच हाय. मी काढलं तिले. पूरा दिवस बसून. जिथं जिथं दिसली तिथून. इतकं सफाईनं काढलं, का तिचा पदरबी कुठं राह्यला नाई."

"आणि?"

"कॅसेट घेऊन गेलो तं कमलनं इचारलं, माय कुठं हाय? लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत माय ताप येऊन वारली होती. घरात तिचा एक फोटो नोता. पोरीचं म्हन्नं होतं का मायचं तेवढं अलग काढून ठेवा, जपून ठेवा." त्यांनी खोक्यावरची धूळ बोटानं पुसली. "तिनं शिवी नाई देल्ली. 'बरं' म्हन्ली अन् घरात चालली गेली. मी तसाच पळत आलो, तं शूटिंगची मूळ कॅसेटबी पुसून वापरून झाली होती. त्या दिवसापासून मी एक कॅसेट पुसली नाई. अन् तो शब्द..." 

 इतकी वर्षं या माणसाच्या 'घ्या म्हणा'ची मी नक्कल करून लोकांना हसवत होते. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. घरी पोचल्यावर मी पंख्यावर, कपाटावर आणि नवऱ्यावर तो राग काढला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कामाला बसलो. रोज दुपारी एक कॅसेट. व्हीसीआर आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर. कॅसेट घालण्यापूर्वी देवाभाऊ व्हीसीआरवर हात ठेवून त्याला हळूच म्हणत, "चाल रे बावा." मग लग्न सुरू. ते संपलं की मुंग्या. मग आम्ही दोघंही खुर्च्या पुढं ओढत असू. वहिनी चहाचे कप घेऊन दारातच उभ्या राहत, त्यांना आत यायची हिंमत होत नसे. कधी मुंग्यांतून कुणाची तरी हळद यायची, कधी कुणाचा बँड, एकदा तर मांडवाचं तोरण खाणारी शेळी, तीही किती वेळ! देवाभाऊ शेवटपर्यंत बघत, मग मान हलवत. "नाई. ही नाई." काही कॅसेटी मध्येच चिरकल्या आणि गेल्या. त्या गेल्या की ते बाहेर ओट्यावर जाऊन बसत, आणि मला आत एकटीला त्या खोलीत बसवत नसे. त्या गेलेल्यांत ती असेल तर?

पेटीचा तळ दिसायला लागला. एका दुपारी तळाजवळची कॅसेट लावली. फुलसावंगीचं कुठलं तरी लग्न होतं. चित्र लाटांसारखं वाकत होतं आणि व्हीसीआरमधून किरकिर येत होती. लग्न संपलं, मुंग्या सुरू झाल्या, आणि नेमकी लाइट गेली.

पंखा थांबला. यूपीएस टीं टीं करायला लागला.

"बंद करा," मी म्हटलं. "बॅटरी संपायच्या आत फाइल नीट बंद केलेली बरी. आत्तापर्यंतचं तरी हाती राहील."

"राहू द्या."

"देवाभाऊ, व्हीसीआर थांबवा आणि लाइट आल्यावर पुढं लावा!"

"थांबवली का फीत आत चिकटते. मंग उखडून निघन. राहू द्या मॅडम, राहू द्या."

किरकिर वाढली. यूपीएस आता दम न घेता वाजू लागला. घामानं माझा हात माउसवरून सरकत होता. पडद्यावर मुंग्या, मुंग्या, नुसत्या मुंग्या. मी त्या माणसाला मनातल्या मनात जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

आणि मुंग्यांच्या मागून रंग आले. आधी लाल, मग मांडवाचा खांब. खांबाला टेकून एक काळीसावळी बाई उभी, हातात पाण्याचा गडवा. पाठवणी चालली होती, लोक इकडून तिकडं जात होते आणि ती कुणाच्याच अध्यात ना मध्यात. कॅमेरा तिच्याजवळ गेला. तिनं लाजून पदर तोंडासमोर धरला. मग पदर खाली घेतला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि हसून म्हणाली,

"मले नोका काढू, भाऊ. मले नोका काढू. पोरीले काढा."

टप्प. सगळं बंद. यूपीएसनं मान टाकली आणि व्हीसीआरमध्ये काहीतरी करकरलं.

देवाभाऊ खुर्चीवरून उठले नाहीत. दोन्ही हात मांडीवर तसेच. "आयकलं तुमी?" त्यांनी मला विचारलं. "काय म्हन्ली ते आयकलं?"

मी ऐकलं होतं. तेव्हा तिनं म्हटलं होतं, माझं शूटिंग करू नका. आता तेच शब्द दुसऱ्याच अर्थानं माझ्या अंगावर आले. 

लाइट यायला किती वेळ लागला कोण जाणे. व्हीसीआर उघडला तर फितीचा चोळामोळा. आता जे काही होतं ते कॉम्प्युटरात, आणि तोही मध्येच मेलेला. मी फाइल अशा प्रकारची ठेवली होती की मध्येच बंद पडली तरी तिथपर्यंतचं टिकायला हवं. हवं! कॉम्प्युटर चालू होईस्तोवर मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच शिकवण्यावर संशय घेतला. फाइलवर बोट दाबलं. लग्न. मुंग्या. लाल रंग. खांब. गडवा. बाई हसली. वहिनी दारातच मटकन खाली बसल्या.

मग पेनड्राइव्हवरून टीव्हीत चालावं म्हणून एन्कोडिंग. मी म्हटलं, "पुढच्या मुंग्या कापते, नुसती आई ठेवते." देवाभाऊ म्हणाले, "मुंग्याबी राहू द्या." लहान प्रोसेसर त्या मुंग्यांशी संध्याकाळपर्यंत झगडला. "मी म्हटलं होतं, मोठा घ्या," मी न राहवून सुनावलंच. देवाभाऊंनी पत्र्याच्या कॅबिनेटवर हात ठेवला. "लागू द्या टाइम. तापला बिचारा."

मुकुटबनला पेनड्राइव्ह घेऊन जायला ते तयार झाले नाहीत. "त्यात नीट उतरलं नसन तं?" मग दोन पेनड्राइव्ह, आणि शिवाय अख्खा कॅबिनेट व्हॅनच्या सीटवर चादरीत गुंडाळून, वर पट्टा बांधून. व्हॅन त्यांनी बाहेर घेतली, आणि वाटेत एकही खड्डा जोरात घेतला नाही.

कमलबाई आता पन्नाशीकडं आलेल्या. त्यांनी देवाभाऊंना ओळखलं. ओळखल्याचं दाखवलं मात्र नाही. चुपचाप पाणी आणून दिलं. घरात सुना, नातू, मोठा टीव्ही. देवाभाऊंनी वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं विसरले. गडबडून एवढंच म्हणाले, "बाई, मायले घेऊन आलो."

मी वायर जोडली. मुंग्या सुरू झाल्या. सून म्हणाली, "टीव्ही बिघडला काय?"  मग खांब आला, गडवा आला, पदर आला. पदर खाली गेला. "मले नोका काढू, भाऊ."

कमलबाई टीव्हीसमोर जमिनीवर बसल्या. "पुन्हा लावा," म्हणाल्या. मी लावलं. "पुन्हा." मी पुन्हा लावलं. किती वेळा लावलं माहीत नाही. त्यांनी काचेवर हात ठेवला, आईच्या गालावर, आणि त्यांना हुंदका आला. सुनेनं पाणी पुढं केलं, त्यांनी बाजूला सारलं.

देवाभाऊंना शोधायला मी मान वळवली. ते दारात उभे होते, बाहेरच्या लख्ख उन्हाकडे पाठ करून. उजेड सगळा मागं. तोंड नुसतं काळं दिसत होतं, डोळे, नाक, काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी त्यांना सरका म्हटलं नाही.

"तोंड इसरली होती मी मायचं," कमलबाई टीव्हीकडंच बघत म्हणाल्या. "आठौण तं रोज काढत होती भाऊ. रोज काढत होती. पण तोंडच ये ना."

 हा शब्द या माणसानं आजवर कुणालाही माफ केलेला नव्हता. मामाला नाही, डॉक्टरला नाही, बायकोला नाही. दारातली काळी आकृती हलली. 

"काढत जा, बाई," देवाभाऊ म्हणाले. "काढत जा."